पट्ट्याला दोष देऊ नकोस

बस खाली. बूट काढ आणि तो रोलर आधी बाजूला ठेव. तुझं म्हणणं मी ऐकलं आहे : "बाई, एवढी साताऱ्याची शर्यत होऊ द्या, मग सांगाल तेवढे दिवस विश्रांती घेतो." त्याला माझं उत्तर आहे, नाही. यंदा तू साताऱ्याला पळणार नाहीस. का, तेही नीट ऐकून घे. नुसती मान डोलावून जाणारा माणूस चार दिवसांनी पुन्हा स्वतःचंच खरं करतो, आणि तू ते दोनदा केलं आहेस.

काय झालं ते तूच मला सांगितलंस. पहिल्यांदा उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ आली ती आठव्या किलोमीटरला. लंगडत घरी गेलास, आठवडाभर पळाला नाहीस. चालताना दुखेना, ऑफिसात बसून दुखेना, म्हणून तूच ठरवलंस की बरं झालं. पुन्हा पळालास, कळ पाचव्या किलोमीटरला आली. पुन्हा चार दिवस सुट्टी, पुन्हा रस्ता, आणि परवा तिसऱ्यालाच पाय धरला. आठ, पाच, तीन. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतोस, मग हा तीन आकड्यांचा हिशेब तुला का दिसला नाही? दर खेपेला कळ लवकर येत होती, म्हणजे दर खेपेला दुखणं वाढत होतं. तुला ते दिसलं नाही असं मी मानत नाही. तुला ते बघायचं नव्हतं.

या दुखण्याचा स्वभावच असा फसवा आहे. चालताना ते गप्प बसतं. पळायला लागलं की ठरावीक अंतर गप्पच राहतं, मग एकदम बाहेरून टोचल्यासारखं सुरू होतं आणि पाऊल टाकू देत नाही. थांबलास की थोड्या वेळात ओसरतं. जिना चढताना विशेष नाही, उतरताना मात्र जाणवतं. म्हणून चालताना दुखत नाही ही बरं झाल्याची खूण धरायचीच नाही.

आता पाय दाखव. गुडघा काटकोनात वाकव. ही गुडघ्याची वाटी, ही सांध्याची फट, आणि फटीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर मांडीच्या हाडाचा हा बाहेरचा उंचवटा. इथे मी अंगठा दाबून धरते, तू पाय हळूहळू सरळ कर. अजून. अजून थोडा. बघ, दचकलास. पाय पुरता सरळ व्हायला साधारण ३० अंश उरले होते, तिथेच कळ आली. डॉक्टर मंडळी हिला नोबल चाचणी म्हणतात. आयटी बँडचं दुखणं बहुतेक वेळा याच जागी आणि याच कोनात हाताला लागतं.

पण माझ्या अंगठ्याने निदान पुरं होत नाही. मी खेळाची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखण्याची कारणं आणखी आहेत : बाहेरची गादी फाटलेली असू शकते, हाडाला बारीक तडा असू शकतो, कमरेतून उतरणारी कळ असू शकते. सांधा सुजला, पाय मध्येच अडकला, गुडघ्यातून आधार सुटल्यासारखं झालं, रात्री झोपेत दुखलं, पायाला मुंग्या आल्या, तर तडक अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं, माझ्याकडे यायचं नाही. यातलं काही तुला नाही, हे मी विचारून घेतलं. तरीही या आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे जायचं आहेच. इतक्या दिवसांत तू बूटवाल्याला विचारलंस, ग्रुपमधल्या सगळ्यांना विचारलंस, मोबाइलवर डझनभर व्हिडिओ बघितलेस. ज्याचं हे काम आहे त्याच्याकडे मात्र तुझे पाय वळले नाहीत.

ज्या पट्ट्याला इतके दिवस शिव्या देतो आहेस, तो आहे काय, हे तरी तुला माहीत आहे का? आयटी बँड, म्हणजे इलिओटिबियल बँड, हा मांडीच्या बाहेरून जाणारा जाड, चिवट पडदा आहे. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपासून निघतो, खुबा ओलांडतो, गुडघा ओलांडतो आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने घट्ट बसतो. वर दोन स्नायू त्याला धरून आहेत. पुढून टेन्सर फॅशिया लाटा नावाचा छोटा स्नायू आणि मागून ग्लुटिअस मॅक्झिमस, म्हणजे नितंबाचा मोठा स्नायू. पट्टा स्वतः स्नायू नाही. तो आपणहून आकसत नाही आणि आपणहून सैलही पडत नाही. त्याच्यावर किती ताण यायचा ते वरचे स्नायू ठरवतात, आणि एका पायावर उभं असताना तुझी कंबर किती स्थिर राहते त्यावर ते ठरतं.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलातल्या जवानांमधल्या या दुखण्याबद्दल रेन नावाच्या डॉक्टरने लिहिलं. तेव्हापासून समज असा रूढ झाला की गुडघा वाकताना-सरळ होताना पट्टा हाडाच्या उंचवट्यावरून मागेपुढे सरकतो, घासतो आणि सुजतो. २००६ मध्ये फेअरक्लफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचना नीट तपासली आणि दाखवलं की पट्टा मांडीच्या हाडाला तंतूंनी बांधलेला असतो. तो मोकळा मागेपुढे सरकत नाही. त्याच्या आणि हाडाच्या मध्ये चरबीचा एक थर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू भरपूर. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना पट्टा हाडावर दाबला जातो आणि हा थर चेपतो. तुझ्या डोळ्यांत पाणी आणणारी जागा ती.

आता विचार कर. जी जागा चेपून चेपून दुखावली आहे, त्या जागेचं तू रोज रात्री काय करत होतास? गुडघ्याच्या वर, बरोबर त्या उंचवट्यावर रोलर ठेवून सगळं वजन टाकत होतास. वर मला अभिमानाने सांगितलंस, "बाई, ओरडायला येतं, पण सहन करतो." कशासाठी सहन केलंस? दुखलं म्हणजे औषध लागू पडलं, हे तुला कुणी शिकवलं? आणि मांडीवर रोलर फिरवून पट्टा लांब करायचा म्हणत असशील, तर तो लांब होत नाही. २००८ मध्ये याचं गणित मांडलं गेलं आहे. मांडीवरचा हा पडदा एक टक्का जरी दाबायचा किंवा आडवा सरकवायचा म्हटलं, तरी माणसाच्या हातापायांनी लावता येणार नाही इतकं बळ लागतं. रोलर नितंबावर, मांडीच्या पुढच्या स्नायूवर फिरवलास तर घटकाभर मोकळं वाटेल, त्याला माझी ना नाही. पण त्याला उपचार म्हणू नकोस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तुझं चाललं आहे.

आग लागली कशी, तेही तुझ्याच घड्याळात लिहिलेलं आहे. जूनपर्यंत आठवड्याला २५ किलोमीटर. साताऱ्याचं नाव नोंदवलंस आणि जुलैत एकदम ४५. त्यात दर रविवारी सिंहगड, चढताना चालत आणि उतरताना घाटरस्त्याने सुसाट. भार वाढवायला माझी हरकत कधीच नव्हती. पण स्नायूला, हाडाला, पडद्याला नव्या भाराची सवय व्हायला आठवडे लागतात. तुझी छाती लवकर तयार झाली, दम लागेनासा झाला, आणि तू समजलास की पायही तयार झाले. पाय मागे राहिले होते. नाव नोंदवायच्या आधी मला विचारलं असतंस, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं : उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

नंतर दोष दिलास तो बुटांना. सहा महिन्यांचे बूट बाजूला टाकून नवे महागडे घेतलेस. नवे बूट घालून तिसऱ्या किलोमीटरला बसलास, तेव्हा तरी कळायला हवं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. बूट झिजले असतील तर बदलावेतच, पण एका महिन्यात जवळजवळ दुप्पट केलेलं अंतर कुठलाही बूट पोटात घालत नाही.

ऊठ आता. त्या पायरीवर उजव्या पायावर उभा राहा, हात कमरेवर. डावी टाच हळूहळू खाली जमिनीला नुसती टेकव आणि वर ये. समोर आरसा आहे, त्यात बघ. माझ्याकडे नको, आरशात. पहिल्या वेळी जमलं. दुसऱ्या वेळी डावा हात उजव्या हातापेक्षा खाली गेला, म्हणजे डाव्या बाजूची कंबर खाली झुकली. चौथ्या वेळी उजवा गुडघा आत वळला आणि पायाच्या अंगठ्याच्याही पलीकडे गेला. सहाव्या वेळी तोल सांभाळायला अख्खं धड उजवीकडे कललं. इथे तू दमलेला नाहीस, घाम नाही, घाट नाही, आणि सहा वेळांत ही गत आहे. पळताना प्रत्येक पावलाला तू एकाच पायावर असतोस. कंबर सावरायचं काम खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचं. ते थकले की कंबर झुकते, मांडी आत जाते आणि पट्टा ताणला जाऊन त्या उंचवट्यावर आवळतो. हजारो पावलं हेच होत राहिलं.

हे मी मनाने सांगत नाही. २००० मध्ये स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक्सन यांनी या दुखण्याचे २४ धावपटू तपासले. त्यांच्या दुखऱ्या बाजूच्या खुब्याचे हे स्नायू दुबळे आढळले. सहा आठवडे त्यांच्याकडून स्नायू बळकट करण्याचे व्यायाम करून घेतले आणि २४ पैकी २२ जण वेदनेशिवाय पुन्हा पळू लागले. त्या उपचाराला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि दुबळेपणामुळे दुखणं होतं की दुखण्यामुळे दुबळेपणा येतो, यावर नंतरच्या सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही, हेही तुला सांगून ठेवते. पण तुझ्या बाबतीत वादाला जागा नाही. तुझी झुकलेली कंबर तू आत्ताच आरशात बघितलीस.

साताऱ्याला नाही म्हणते, त्याचं कारण यातच आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. अर्धी शर्यत चढाची, अर्धी उताराची. चढावर गुडघा जास्त वाकलेला असतो, तिथे कदाचित तुला काही जाणवणारही नाही. वर पोचून तू खूश होशील. मग उतार लागेल. उतरताना पाय जवळजवळ सरळ पडतो आणि शरीराचं सगळं वजन गुडघ्यावर येतं तेव्हा तो नेमका त्याच ३० अंशांच्या आसपास असतो. तुझ्या वेगाने साडेदहा किलोमीटर उतरताना उजवा पाय पाच हजारांच्या आसपास वेळा जमिनीवर पडेल. तितक्या वेळा ती जागा चेपणार. या दुखण्यासाठी याहून वाईट रस्ता शोधून सापडणार नाही, आणि तू हाच निवडून बसला आहेस.

"गोळी घेऊन पळतो," असं तू खालच्या आवाजात म्हणालास, तेही मी ऐकलं. त्याबद्दल मला खरोखर राग आला. गोळीने फक्त कळ बंद होते, चेपणं चालूच राहतं. शरीर थांब म्हणतं तेव्हा त्याचं तोंड दाबायचं आणि अंगातलं बळ संपेपर्यंत पळायचं, याला मी जिद्द म्हणत नाही. शिवाय दोन-तीन तास घाम गाळताना अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आधीच घटलेलं असतं, अशा वेळी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुखऱ्या गुडघ्यावर इलाज करताना मूत्रपिंड पणाला लावशील? सुरुवातीच्या काही दिवसांत दुखणं शमवायला डॉक्टरांनी गोळी दिली तर जरूर घे, सांगतील तितकेच दिवस. हट्टी दुखण्यात ते कधी त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शनही देतात. तो निर्णय त्यांचा. पण इंजेक्शनने मिळालेली शांतता व्यायामासाठी वापरायची असते, शर्यतीसाठी नाही. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, तीही बाकी सगळं महिनोन्‌महिने करून फळलं नाही तर.

आता तू केलेली सगळ्यात मोठी चूक. तू विश्रांती घेतलीस, पण काम केलं नाहीस. आठवडाभर सोफ्यावर बसलास आणि जसा होतास तसाच उठून पुन्हा रस्त्यावर गेलास. विश्रांतीने चिडलेली जागा शांत होते, पण कंबर सावरणारे स्नायू बसून बळकट होत नाहीत, उलट थोडे आणखी उतरतात. म्हणून दर खेपेला कळ आधीपेक्षा लवकर आली. तुला मी शाळेत असल्यापासून ओळखते. तुला दमायला आवडतं, कंटाळायला आवडत नाही. मैदानाला दहा फेऱ्या मार म्हटलं की तू सगळ्यात पुढे, आणि व्यायामाच्या तासाला सगळ्यात मागे. आजही तेच. पहाटे साडेचारला उठून पळशील, पण घरात दहा मिनिटं आडवं होऊन पाय उचलायचं म्हटलं की तुला वेळ नसतो. हे दुखणं बरं होतं ते नेमकं तुला कंटाळा येणाऱ्या कामाने. दुसरा रस्ता नाही.

म्हणून आता लिहून घे.

आजपासून कळ येईल असं पळणं बंद. सपाट रस्त्यावर चालायला हरकत नाही, दुखलं नाही तोवर. पोहायला जा, पण बेडकासारखे पाय मारायचे नाहीत. सायकल चालवायची तर सीट फार उंच ठेवू नकोस, नाहीतर पेडल खाली गेलं की पाय सरळ होतो आणि तोच कोन पुन्हा पुन्हा येतो. सायकलवर दुखलं तर सायकलही बंद. दुखऱ्या जागी दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कापडातून बर्फ लाव. कळ कमी होते म्हणून लावायचा, बर्फाने स्नायू बळकट होत नाहीत. जिना उतरताना कठडा धर. टेकडी नाही, सिंहगड नाही.

व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून, कळ येणार नाही अशा बेताने. पहिला व्यायाम : भिंतीला पाठ लावून डाव्या कुशीवर झोपायचं, खालचा गुडघा वाकवायचा, वरचा उजवा पाय सरळ. उजवी टाच भिंतीला टेकलेली, बोटं किंचित जमिनीकडे वळलेली. टाच भिंतीवरून सरकवत पाय वर न्यायचा, क्षणभर थांबायचं आणि जितक्या वेळात वर नेला त्याहून सावकाश खाली आणायचा. तू हा करून दाखवलास तेव्हा काय केलंस? कंबर मागे लवंडू दिलीस, बोटं छताकडे केलीस आणि पाय पुढे आणून झोकात उचललास. असं केलं की सगळं काम पुढचा छोटा स्नायू करतो आणि ज्याला जागं करायचं तो मागचा झोपूनच राहतो. शंभर वेळा तसं केलंस तरी फुकट. बरोबर केलंस तर पंधराव्या वेळेला खुब्याच्या मागे, खिशाच्या जागी जळजळेल. जळजळ तिथेच व्हायला हवी. मांडीच्या पुढे झाली तर तू चुकतो आहेस.

दुसरा : पायरीच्या कडेला उजव्या पायावर उभं राहायचं, गुडघा सरळ, डावा पाय हवेत. डावी कंबर खाली सोडायची आणि खुब्याच्या जोरावर पुन्हा समपातळीत आणायची. हालचाल कमरेची, गुडघ्याची नाही. हे दोन्ही पंधरा-पंधरा वेळांपासून सुरू करून तीस-तीसच्या तीन फेऱ्यांपर्यंत न्यायचे. फ्रेडरिक्सन यांच्या धावपटूंनीही हेच केलं होतं. दोन्ही पायांनी कर, बऱ्या पायालाही सोडू नकोस. जोडीला पाठीवर झोपून कंबर उचलणं, आधी दोन पायांवर, मग एकावर. आणि कुशीवरचा प्लँक. कळ शमली की मघाचीच ती पायरी, आरशासमोर, कंबर सम आणि गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत ठेवून. त्यानंतर हातात वजन घेऊन बैठका, एका पायाच्या बैठका आणि शेवटी एका पायावर उड्या. कुठला व्यायाम कधी वाढवायचा ते फिजिओ ठरवतील. तू ठरवायचं नाहीस, तुझी घाई मला माहीत आहे.

पुन्हा पळायचं कधी? तारखेवर नाही, कसोटीवर. अर्धा तास भरभर चाललास आणि दुखलं नाही, दोन मजले जिना उतरलास आणि दुखलं नाही, पायरीवरची कसोटी दहा वेळा कंबर न झुकवता पार केलीस, एका पायावर उड्या मारल्यास आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पाय शांत राहिला, तर पळायचं. बऱ्याच जणांना इथवर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तू तीनदा दुखवून घेतलं आहेस, तुला जास्तही लागतील.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं चाल, मग एक मिनिट पळ आणि एक मिनिट चाल, असं आठ-दहा वेळा. मग घरी. एक दिवसाआड, सपाट जमिनीवर. आणि पाय ओढत, रखडत पळायचं नाही. तुला वाटत असेल की हळू पळणं सुरक्षित. या दुखण्यात उलटं आहे. रखडत पळताना पाय पडताना गुडघा कमी वाकलेला असतो, जरा चपळ पळताना तो जास्त वाकून त्या अडचणीच्या कोनाच्या पलीकडे जातो. म्हणून लहान लहान तुकडे, पण चपळ. कळेची नुसती चाहूल लागली की तिथेच थांबायचं आणि चालत परत यायचं. "एवढा किलोमीटर पुरा करतो" हे वाक्य तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायला नको. घड्याळातला आकडा पुरा करायला पळतोस की पाय बरा करायला, हे एकदा ठरव.

पावलंही बदलायची आहेत. एका मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोज. ८० भरले तर ८४ ते ८८ वर ने, वेग तोच ठेवून. पाऊल आखूड होईल, शरीराच्या खाली पडेल आणि खुब्यावर-गुडघ्यावर येणारा भार कमी होईल. दुसरं, तू पळताना पावलं एकापुढे एक, एकाच रेषेत टाकतोस. त्याने पट्ट्यावरचा ताण वाढतो. मैदानावर चुन्याची रेघ असते, तिच्या दोन बाजूंना पाय पडले पाहिजेत, रेघेवर नाहीत. तिसरं, रोज रस्त्याच्या त्याच कडेने पळू नकोस. रस्ता कडेला उतरता असतो, एक पाय कायम खाली पडतो. मैदान आहे, ट्रॅक आहे, तिथे ये. ट्रॅकवर दिशा बदलत राहा.

सलग वीस मिनिटं, मग तीस, मग आठवड्याचं अंतर थोडं थोडं. त्यानंतर चढ. उतार सगळ्यात शेवटी, काही आठवडे सपाटीवर बिनतक्रार पळून झाल्यावर आणि तोही छोटा. आणि बरा झालास की व्यायाम सोडायचा नाही. आठवड्यातून दोन दिवस, पळत आहेस तोवर. अनेक जण नेमके इथेच घसरतात. कळ गेली की व्यायाम गेला, सहा महिन्यांनी कळ परत.

मी इतकं तोडून बोलते आहे ते तुझ्यावर राग काढायला नाही. चाळिशीत पुन्हा पळायला लागलास, वजन उतरवलंस, धाप लागायची ती गेली, याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवत नाही. तू अजून वीस-पंचवीस वर्षं पळावंस असं मला मनापासून वाटतं. सातारा दर वर्षी होते, पावसाळा सरता सरता घाट हिरवागार असतो, तो पुढच्या वर्षीही तिथेच असेल. पण दुखणं दाबून दाबून पळणारे, पुढे महिनोन्‌महिने बसून राहिलेले आणि शेवटी कंटाळून पळणंच सोडलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यात तुझा नंबर मला नको आहे.

जानेवारीतल्या मुंबईच्या शर्यतीचंही आज विचारू नकोस. सपाटीवर तू किती आणि कसा पळतोस ते बघून मी दिवाळीनंतर सांगेन. तिथेही पेडर रोडचा चढ-उतार आहे, तेव्हा सोपी समजू नकोस. आज घरी गेलास की साताऱ्याला येत नाही असं ग्रुपवर तूच लिहायचं, म्हणजे उद्या कुणी आग्रह केला तरी मन डळमळणार नाही. उद्या फिजिओची वेळ घ्यायची आणि मला कळवायचं. दर शनिवारी इथे येऊन पायरीवरची कसोटी माझ्यासमोर द्यायची.

आता डाव्या कुशीवर आडवा हो, टाच भिंतीला लाव आणि पंधरा मोज. घाई केलीस तर पुन्हा एकपासून.